गाडीला नाक कुठं ठेवलंयसा?

जुलैतली गोष्ट. शाळेच्या पोरांची ने-आण करून निवृत्त झालेली एक मिनीबस मी विकत घेतली होती आणि दीड वर्ष खपून तिची घरगाडी केली होती. आमच्या गल्लीतली मुलं तिला 'खोलीगाडी' म्हणतात. तिच्या पहिल्या पावसाळी मुक्कामाला मी आणि माझी पत्नी गगनबावड्याला गेलो. कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर, जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा तालुका. बाहेर धो धो कोसळत होतं. आत आम्ही चहा केला, पिठलं-भात केला, सगळ्या काचा घट्ट लावल्या आणि समाधानानं आडवे झालो. पहाटे कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. विजेरी लावून वर पाहिलं, तर छताच्या प्रत्येक आडव्या पट्टीखाली थेंबांची रांग लटकलेली. गादीचा कोपरा उचलला, तर खाली फळीवर पाणी.

छत गळतंय, अशी माझी खात्री झाली. घरी आल्यावर दोन रविवार छतावर चढून प्रत्येक सांध्यावर सिलिकॉनची रेघ ओढली. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. शेवटी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मेस्त्रींच्या दारात नेऊन लावली. पत्र्याच्या कामात उभा जन्म गेलेला माणूस. त्यांनी छताला बाहेरून हातसुद्धा लावला नाही. आत येऊन बसले, दार ओढून घेतलं, पाच मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "गळत न्हाई हे. गाडी घुसमटाय लागलीया. हिला नाक कुठं ठेवलंयसा?"

त्या प्रश्नाला आता सात पावसाळे झाले. घरगाडी बघायला येणारे लोक फ्रीज केवढा, सोलर किती वॅटचं, पाण्याची टाकी कुठं, असं विचारतात. सगळं दाखवतो. पण माझं मत पक्कं झालं आहे. सह्याद्रीच्या पावसात गाडीत राहायचं असेल, तर गाडी आधी कोरडी राहिली पाहिजे. बाकी सगळी साधनं त्याच्या मागून येतात.

पाणी येतं कुठून?

माणूस झोपेतही पाणी सोडत असतो. श्वासातून आणि कातडीवाटे मिळून तासाला साधारण ४० ग्रॅम. दोन माणसं, ८ तास, म्हणजे रात्रीत अर्ध्या लिटरच्या वर. आता गाडीतली हवा किती? माझ्या गाडीत राहण्याची जागा ३ मीटर लांब, १.७ मीटर रुंद, १.८ मीटर उंच. घनफळ ९ घनमीटरच्या आसपास. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे आख्ख्या गाडीतली हवा ओतप्रोत भरली तरी तिच्यात दीडशे ग्रॅमच मावतं, आणि पावसाळ्यात ती संध्याकाळीच जवळजवळ भरलेली असते. उरलेलं पाणी जाणार कुठं? जो पृष्ठभाग सगळ्यांत गार, त्याच्यावर. तो म्हणजे बाहेरून पावसानं भिजलेला छताचा पत्रा.

त्यात भर गॅसची. एलपीजी जळताना पाणी तयार होतं, हे शाळेत रसायनशास्त्रात शिकलेलो असतो, पण हिशेब कधी करत नाही. १ किलो गॅस जळला की साधारण १.६ किलो पाणी बनतं. घरात येणारा १४.२ किलोंचा सिलिंडर संपेपर्यंत त्यानं २२ लिटरच्या वर पाणी हवेत सोडलेलं असतं. मोठ्या घरात ते खिडक्यांतून निघून जातं, गाडीत ते आपल्याच गादीत मुरतं. त्या रात्रीचं पिठलं-भात आणि दोन वेळचा चहा यांनी किती पाणी घातलं असेल, हे मी घरी येऊन कागदावर मांडलं आणि त्या दिवसापासून आतला स्वयंपाक बंद केला. शेगडी आता सरकत्या खणात आहे. दार उघडलं की खण बाहेर येतो, वर ताडपत्रीचं पाल असतं, वाफ डोंगरात जाते.

थोडा इतिहास, थोडा कायदा

एवढ्या लांबलचक लेखात हे आलंच पाहिजे म्हणून सांगतो. फोक्सवॅगनची प्रसिद्ध टाइप २ व्हॅन १९५० मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीनं तिची राहती गाडी करून दाखवली. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे अशा गाड्या गोव्यापर्यंत येत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता मिटला. आपल्याकडे मोटर कॅरॅव्हॅनसाठी 'एआयएस-१२४' हे मानक आहे, आणि महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. कायद्याची बाजू मात्र मनावर घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते फार स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. आसनं काढणं, छत उंच करणं, हे सगळं आरटीओच्या लेखी परवानगीनं आणि नोंदणी पुस्तकात नोंद करूनच. ज्यांना ती दगदग नको, त्यांनी मूळ आसनं तशीच ठेवून उचलून काढता येईल असं सामान करावं, तेही उत्तम होतं. आता पुन्हा नाकाकडे येऊ.

नाक बसवलं ते असं

पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली असते, मग ती आत घेऊन फायदा काय, असं मला खूप जण विचारतात. मीही मेस्त्रींना तेच विचारलं होतं. उत्तर आकड्यांत आहे. बाहेर २० अंश आणि हवा पूर्ण भरलेली, म्हणजे घनमीटरला १७ ग्रॅम. तीच हवा आत येऊन आपल्या अंगाच्या उबेनं २३ अंशांवर गेली, की तिची धारणशक्ती २० ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे दर घनमीटर हवा तीन ग्रॅम पाणी उचलून बाहेर नेऊ शकते. दोन माणसांचं तासाचं पाणी ८० ग्रॅम. त्यासाठी तासाला २५-३० घनमीटर हवा बदलली की झालं. कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तसा १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टवर चालणारा पंखा कागदावर याच्या दुप्पट-तिप्पट हवा ढकलतो. जाळी आणि झाकण यांचा अडथळा धरला तरी पुरून उरतो. वीज दोन-तीन वॅट. रात्रभर चालला तरी बॅटरीतून दोन अँपिअर-तासच जातात. परदेशी बनावटीचा मोठा छतपंखा उन्हाळ्यात उपयोगी आहे, मी नाकारत नाही. पण ओल घालवायचं काम एवढासा पंखा करतो.

नाक म्हणजे एक भोक नव्हे. नाकपुड्या दोन लागतात. एक खाली, जिथून हवा येते, आणि एक वर, जिथून जाते. खालची मी शेगडीच्या खणाजवळ, फरशीच्या पातळीला ठेवली, बारीक जाळी लावून. तिचा दुसरा उपयोग पहिल्याहून मोठा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळलाच, तर तो खाली साचतो आणि याच भोकातून बाहेर पडतो. ज्या गाडीत सिलिंडर आहे, तिच्या तळाला असं भोक हवंच.

वरच्या नाकपुडीसाठी छताला साडेचार इंचांचं भोक पाडायचं होतं. विकत घेतलेल्या गाडीच्या छतावर होल-सॉ टेकवताना हात कापतो. त्यात अडचण अशी, की छत सपाट नाही. त्याला बाक आहे आणि मधून उभ्या पन्हळी आहेत. बाजारातलं झाकण सपाट बुडाचं. मेस्त्रींनी अॅल्युमिनियमचं एक ओबडधोबड कडं लेथवर धरून त्याचा आतला घेर फिरवून घेतला. मग त्यांनी छतावर निळ्या मार्किंग रंगाचा पातळ हात मारला, त्यावर कडं टेकवलं, अर्धा इंच डावी-उजवीकडे हलवलं आणि उचललं. कड्याच्या बुडाला तीन ठिकाणी निळे ठिपके उमटले होते. तेवढेच तीन ठिपके त्यांनी अर्धगोल कानशीनं घासले. पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. आता सात ठिपके. पुन्हा कानस. दुपारी दोनला सुरू केलेलं काम साडेपाचला संपलं, तेव्हा कड्याच्या सगळ्या बुडावर सारखी निळाई पसरली होती. "आता सिलिकॉन न्हाई लावलं तरी पाणी यायचं न्हाई," ते म्हणाले, आणि मग लावलंच.

हे कोल्हापूरचं खास धन आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहतींत शेकडो फाउंड्री आणि मशीनशॉप आहेत, पण एकच नग, तोही तुमच्या बाकानुसार, करून द्यायला उद्यमनगरच लागतं. बाबूराव पेंटरांनी विलायती कॅमेरा परवडत नाही म्हणून याच गावात, दामल्यांना हाताशी धरून, १९१८ च्या सुमारास स्वतः कॅमेरा बांधला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' चित्रपट पडद्यावर आणला. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला दसरा चौकात येते, ती याच गावच्या हातांनी जपलेली. इथं "मिळत न्हाई" हे उत्तर नसतं, "करूया की" हे असतं. घरगाडीचा छंद लागलेल्या माणसानं दुसऱ्या कुठल्या गावी राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

नाकाबरोबर भुवयाही लागतात. सरकत्या दारावर आणि प्रत्येक खिडकीवर मी अॅल्युमिनियमच्या पट्टीची पन्हळ चिकटवली, एका बाजूला बोटभर उतार देऊन. आपल्या कौलारू घरांना वळचण असते, म्हणून भर पावसातही दार उघडं ठेवता येतं. मोटारीला वळचण नसते, दार उघडलं की छतावरचं सगळं पाणी मानेवर. पन्हळ बसवली, आणि आता पागोळ्या मागच्या चाकापाशी पडतात, खिडकी दोन बोटं उघडी ठेवून झोपता येतं. या सुधारणेला खर्च सर्वांत कमी आला आणि सुख सर्वांत जास्त मिळालं.

लोकर

आता माझ्या सगळ्यांत आवडत्या विषयाकडे येतो.

पंखा हवेतलं पाणी काढतो, पण पत्रा गार तो गारच. त्याला आतून काहीतरी अस्तर हवं. पर्याय बरेच आहेत. थर्माकोल स्वस्त, पण गाडी चालली की करकरतो आणि पेटला तर भडकतो. काचलोकर घरच्या छताला ठीक, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर ती वर्षभरात खाली बसते, ओली झाली की ओलीच राहते. नायट्रिल रबराचा फोम चांगला आहे, छताच्या लोखंडी फासळ्यांवर मी तोच लावला, कारण गारवा तिथूनच आत येतो. पण मधल्या रिकाम्या जागेत काय भरावं, हे ठरत नव्हतं. बर्फाच्या देशांतले लोक आतून प्लॅस्टिकचा कागद मारून सगळं सील करतात. बाहेर उणे २० आणि आत २० असेल तर ते बरोबर आहे. आपल्याकडे जुलैत आतबाहेर तीन-चार अंशांचाच फरक असतो. प्लॅस्टिकमागे एकदा शिरलेली ओल चार महिने तिथंच राहते आणि पत्रा आतून सडतो.

उत्तर मिळालं पट्टणकोडोलीला. हातकणंगले तालुक्यातल्या या गावी विठ्ठल-बिरदेवाची जत्रा ऑक्टोबरात भरते. मी दरवर्षी जातो. भंडाऱ्यानं रस्ते, माणसं, झाडं, सगळं पिवळं होतं. फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे वर्षाचं भाकीत, ऐकायला महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर बांधव येतात. आणि भंडाऱ्याबरोबर खोबरं आणि लोकर उधळली जाते. त्या वर्षी संध्याकाळी सरी आल्या. सगळे पळाले, मी एका दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहिलो. समोर एक म्हातारे मेंढपाळ घोंगड्याची खोळ घेऊन शांतपणे बसून होते. पाणी घोंगड्यावरून ओघळून जात होतं. पाऊस थांबल्यावर त्यांनी घोंगडं एकदा झटकलं आणि तेच अंथरून त्यावर बसले. मी हात लावू का विचारलं. वरून दमट होतं, आतून कोरडं आणि कोमट. "मेंढरू काय छत्री घिऊन फिरतंय व्हय?" ते म्हणाले.

मग मी लोकरीच्या मागे लागलो. लोकरीचा तंतू बाहेरून पाणी झटकतो आणि आतून बाष्प पितो. आपल्या वजनाच्या जवळपास एकतृतीयांश ओल ती शोषते तरी हाताला ओली लागत नाही. ओल पिताना ती थोडी उष्णता सोडते, म्हणून भिजलेलं घोंगडंही ऊब देतं. हवा कोरडी झाली की प्यायलेली ओल परत करते. उष्णता अडवण्यात ती काचलोकरीच्या बरोबरीची आहे. आणि ती सहजासहजी पेटत नाही. ज्योत लावली तर जळते, काढली की आपोआप विझते, वितळून अंगाला चिकटत नाही. घरगाडीच्या भिंतीत आणखी काय हवं?

लोकरीचं घर चाकांवर फिरवण्याची कल्पना जुनी आहे. रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू १२५३ ते १२५५ या काळात मंगोलांच्या मुलखात गेला होता. लोकरीच्या नमद्यानं मढवलेली घरं गाड्यांवर चढवून ते लोक फिरत. अशा एका घराला जुंपलेले २२ बैल त्यानं मोजले, ११-११ च्या दोन ओळी. मला विचाराल तर कॅम्पर व्हॅनचा इतिहास तिथून सुरू होतो.

आपली दख्खनी मेंढी तर लोकरीसाठीही पिढ्यान् पिढ्या पाळली गेली. लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे तिचे प्रकार सांगतात. लोकर बहुतेक काळी, जाड आणि राठ. वर्षातून दोनदा कातरतात. सणगर लोक खड्ड्याच्या मागावर तिची घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. पण राठ लोकरीचे मऊ कपडे होत नाहीत आणि घोंगडी वापरणारे घटले. आज कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. कितीतरी ठिकाणी ती रानात टाकून देतात. ज्या राठपणामुळे ती बाजारात नको झाली, तोच भिंतीत भरायला गुण ठरतो. राठ तंतू दबत नाही, उसळून परत वर येतो, खड्ड्यांतून गाडी गेली तरी खाली बसत नाही.

माझ्या गाडीच्या भिंती आणि छत मिळून २० चौरस मीटर, जाडी ४ सेंटिमीटर. हिशेबानं १६ किलो लोकर लागली. मेंढपाळाकडून पोत्यात आणली तेव्हा तिच्यात काटे, गोखरू, लेंड्या, माती, सगळं होतं. ती साफ करणं हेच खरं काम. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, चोळायची नाही, पिळायचीही नाही. चोळली की तिचा नमदा होतो. पाणी बदलत तीनदा बुडवली तेव्हा तेलकट वास गेला. चौथ्या पाण्यात टाकणखार विरघळवला, कारण कसर लोकरीची वैरी आहे. मग गच्चीवर साडीखाली पसरून दोन उन्हं दिली. वाळलेली लोकर हातानं पिंजून मोकळी केली. संध्याकाळी आम्ही दोघं, शेजारच्या काकू आणि त्यांच्या सुना, गच्चीत गोल बसून पिंजत होतो.  काकूंचं माहेर कवठेमहांकाळकडचं, मेंढरांतलं. त्यांनी पेळू कसा ओढायचा ते दाखवलं आणि पोरीबाळींना लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. माझ्या गाडीच्या भिंतीत त्या गोष्टीही आहेत.

भरण्याआधी पत्रा घासून त्यावर गंजरोधक प्रायमरचे दोन हात दिले. हे चुकवू नका, कारण लोकर हवा खेळू देते आणि थोडी ओल पत्र्यापर्यंत जातेच. मग फासळ्यांच्या मध्ये, खाटेला सुंभ विणतात तशी सुती दोरी आडवी-तिरपी ओढली आणि तिच्या मागे लोकर हलक्या हातानं बसवली, दाबली नाही. दाबली की तिच्यातली हवा जाते आणि हवेबरोबर तिचा गुणही जातो. वरून प्लायवुड लावलं नाही. बुरुडाकडून बांबूच्या तट्ट्या करून घेतल्या. त्या हलक्या असतात, बाकाबरोबर वळतात आणि त्यांच्या विणीतून लोकर श्वास घेते. रात्री आतला पिवळा दिवा लावला की सगळी गाडी टोपलीच्या आतून पाहिल्यासारखी दिसते.

मला पुरावा हवा होता. मे महिन्यात उन्हात वाळवलेली बरोबर १ किलो लोकर मी जाळीच्या पिशवीत भरून ठेवली. जुलैत आंबा घाटात तीन रात्री गाडीत टांगली. चौथ्या सकाळी वजन भरलं १ किलो १५० ग्रॅम. हाताला पूर्ण कोरडी. म्हणजे भिंतीतल्या १६ किलोंनी दोन लिटरच्या वर पाणी सांभाळलं होतं. पण तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. सलग आठवडाभर ऊन नाही पडलं, तर लोकर भरते आणि आणखी घेत नाही. म्हणून आधी नाक, मग लोकर. पंखा रोजची ओल बाहेर काढतो, लोकर रात्रीचा भार उचलते आणि दिवसा पंख्याच्या हवाली करते. दोघांची जोडी आहे.

वारीच्या ट्रकांकडून शिकलेलं

घरगाडी ही विलायती चैन आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनी आषाढात पंढरीच्या वाटेवर उभं राहावं. प्रत्येक दिंडीबरोबर एक ट्रक असतो. त्यात राहुट्या, पातेली, शिधा, गॅस, आजारी वारकऱ्याला आडवं व्हायला जागा, सगळं असतं. मुक्कामाला पोचल्यावर अर्ध्या तासात फाळक्यापासून ताडपत्री बाहेर ओढून पाल उभं राहतं आणि चूल पेटते. मी वाखरीला एका दिंडीच्या ट्रकवाल्यांबरोबर सबंध संध्याकाळ बसलो होतो. त्यांची बांधणी पाहण्यासारखी होती. एकही भांडं फळीवर मोकळं नव्हतं. सगळी दोरीनं हौद्याच्या कडांना टांगलेली, आणि प्रत्येक दोन भांड्यांमध्ये पोत्याचा तुकडा. "ठेवलेलं पडतं, बांधलेलं पडत नाही," असं त्यांच्यातले जुने विणेकरी म्हणाले. घरी आल्यावर मी माझी कपाटं उपसली. ताटल्यांमध्ये जुन्या घोंगड्याचे गोल तुकडे, खणांना चुंबकाऐवजी पितळी खिट्ट्या, आणि पाल ओढायला दोन जीआय पाइप व छतालगत एक सळई. महागडं गुंडाळी-छप्पर मी अजून घेतलेलं नाही, लागलंही नाही.

बाकीचं थोडक्यात

विजेबद्दल पानंच्या पानं लिहिता येतील, पण गरज थोडी आहे. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॅट-तास. दिवे, नाकाचा पंखा, पाण्याचा छोटा पंप आणि मोबाइल मिळून दिवसाला १५ अँपिअर-तास पुरतात. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज घेतलात तर त्यात ३० मिळवा. छतावर १०० वॅटचं पॅनेल आहे, पण घाटाच्या पावसात ते नावालाच काम करतं. तिथं इंजिनच्या अल्टरनेटरवरून डीसी-टू-डीसी चार्जर हवा. २० अँपिअरचा असेल, तर कोल्हापूर ते गगनबावडा या दीड तासात ३० अँपिअर-तास भरतात, म्हणजे फ्रीज सोडून दोन दिवसांची बेगमी. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज, आणि तारा लागतात त्याहून एक माप जाड. या दोन गोष्टींत काटकसर करू नये.

पाण्याला २०-२० लिटरचे दोन कॅन. मोठी टाकी धुता येत नाही, कॅन धुता येतो. पलंगाला अखंड फळी नको. दोन-दोन बोटांच्या फटी ठेवून पट्ट्या ठोकायच्या आणि गादीखाली काथ्याची चटई घालायची, म्हणजे अंगाची ओल गादीत अडकत नाही. शेगडी ऊब घ्यायला कधीही पेटवायची नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. त्याची सूचना देणारा भोंगा उशापाशी असावा, आणि सिलिंडर नेहमी उभा, पट्ट्यानं आवळलेला.

आधी एक रात्र

गेल्या वर्षी एक तरुण जोडपं गाडी बघायला आलं. त्यांनी जुनी व्हॅन घेतली होती आणि काय काय विकत घ्यायचं त्याची यादी केली होती, दोन पानं. मी ती वाचली. चांगली यादी होती. पण मी त्यांना म्हणालो, अजून काही घेऊ नका. व्हॅन रिकामी असतानाच एक सतरंजी टाका आणि जुलैत एक रात्र दाजीपूरला किंवा आंब्याला झोपा. पहाटे उठून छतावर, खिडकीखाली, सतरंजीखाली हात फिरवा. पाणी कुठं साचतं ते खडूनं पत्र्यावर लिहा. तीच तुमची यादी.

ऑगस्टमध्ये ते परत आले. त्यांच्या व्हॅनच्या छतावर आतून खडूच्या सात खुणा होत्या, आणि मागच्या कोपऱ्यात सर्वांत मोठी. आम्ही तिघं गाडी घेऊन उद्यमनगरात गेलो. मेस्त्री आत चढले, खुणा पाहिल्या, त्या मोठ्या खुणेवर अंगठा टेकवला आणि माझ्याकडे न बघता लेथवरच्या पोराला हाक मारली, "त्यो निळा रंग आण रं."